वरच्या दोन ओळी

वर्धा जिल्ह्यात पुस्तक निघालं आणि त्याला धनंजय झाडे सरांची प्रस्तावना नाही, असं गेल्या कित्येक वर्षांत क्वचितच घडलं असेल. कवितासंग्रह असो, बोंडअळीवरचं पुस्तक असो की एखाद्या निवृत्त तलाठ्याचं आत्मचरित्र असो, लेखक नारळ, शाल आणि हस्तलिखित घेऊन सरांच्या दारात हजर. प्रस्तावनेशिवाय पुस्तक म्हणजे मुंडावळ्यांशिवाय नवरदेव, अशी इकडे समजूत आहे. सर मराठीचे प्राध्यापक म्हणून रीतसर निवृत्त झाले होते, पण या कामातून त्यांना कोणी मोकळं केलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना मोकळं व्हायचंही नव्हतं.

सरांची रीत ठरलेली होती. पहिली काही पानं नीट वाचायची, मधे दोन-तीन ठिकाणी बोट घालून पुस्तक उघडायचं, आणि शेवटच्या पानावर नजर टाकायची. शितावरून भाताची परीक्षा, असं ते म्हणत. "शीत तुम्ही खाता, भात लोकाईले खावा लागते," असं त्यांची बायको प्रमिलाबाई म्हणे. सर हसत. बायकोच्या टोमण्याला हसून वेळ मारून नेण्याची त्यांना आता सवय झाली होती.

सुरभी उमाटे त्यांची जुनी विद्यार्थिनी. वर्ध्यालाच एका कॉलेजात इंग्रजी शिकवायची. सेवाग्रामला सूत कातायला म्हणून आलेली आणि मग तिथलीच होऊन गेलेली एक म्हातारी इटालियन बाई होती. तिच्याकडे रविवारी रविवारी जाऊन सुरभी इटालियन शिकली होती. बाई गेली, भाषा मागे राहिली. त्या भाषेतून सुरभीनं इटलीतल्या टस्कनी भागातल्या, सातशे वर्षांपूर्वीच्या गोष्टींचा एक संग्रह मराठीत आणला. व्यापारी, पाद्री, गवंडी, विणकर, त्यांच्या बायका आणि त्यांची भांडणं. कोणी लिहिल्या ते कोणालाच ठाऊक नाही. काम मोठं होतं, आणि ते घेऊन ती साहजिकच सरांकडे आली. नारळ आणला होता, शाल नव्हती. सरांनी तेवढं मनात टिपून ठेवलं.

हस्तलिखित उघडल्यावर सरांना एक गोष्ट खटकली. कथांना मथळेच नव्हते. गोष्ट एकदम सुरूच होत होती. घरात शिरताना चपला काढायलाही जागा ठेवू नये, तसं त्यांना वाटलं. त्यांच्याकडे याच संग्रहाची एक जुनी इंग्रजी आवृत्ती होती, शंभर वर्षांपूर्वी कोण्या साहेबानं काढलेली, नागपूरच्या रद्दीवाल्याकडे मिळालेली. तिच्यात प्रत्येक गोष्टीच्या डोक्यावर दोन ओळींचं सार होतं. अमक्यानं असं केलं, त्याचं तसं झालं. सरांना ते फार आवडलं. एका बैठकीत त्यांनी त्या साऱ्या ओळी मराठीत उतरवल्या आणि प्रस्तावनेबरोबर थेट छापखान्यात पाठवून दिल्या. सुरभीला विचारलं नाही. वाचकाचं बोट धरून त्याला न्यावं लागतं, आणि कुठे न्यायचं ते सरांना ठाऊक होतं. यात विचारण्यासारखं काय होतं? हस्तलिखिताच्या शेवटी सुरभीची पानभर टीप होती, मथळ्यांबद्दलच काहीतरी. दोन वाक्यं वाचून सरांना ती रुक्ष वाटली. ती त्यांनी काढायला लावली.

संग्रहात मोना फिओरे नावाच्या एका विणकरणीची गोष्ट होती. मोना म्हणजे आपण बाई लावतो तसं. तिच्यावर साहेबाच्या आवृत्तीतला मथळा असा होता: 'मोना फिओरे नवऱ्याचा छळ एक शब्द न बोलता सोसते, आणि आपल्या सोशिकपणानं त्याचं मन जिंकून अखेर त्याच्या घरी मानानं नांदते.' या दोन ओळींवर सरांची लेखणी अशी खुलली की विचारू नका. त्यांनी प्रस्तावनेत लिहिलं, 'ही नायिका जणू आपल्याच मातीतली आहे. मौन हेच तिचं शस्त्र. अशा स्त्रियांच्या सोशिकपणावरच घरं उभी असतात, मग ते घर टस्कनीत असो की वर्ध्यात.' हे शेवटचं वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की प्रकाशनाच्या कार्यक्रमात त्यांनी ते दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. सुरभी व्यासपीठावर कडेच्या खुर्चीत बसली होती. ती टाळ्या वाजवत होती की नाही, हे सरांनी पाहिलं नाही.

आणि ती गोष्ट त्यांनी वाचलेली नव्हती. बोट घालून पुस्तक उघडलं तेव्हा ते दुसऱ्याच पानावर उघडलं होतं.

सरांची धाकटी बहीण आनंदाबाई केळझरला दिलेली. तिचे यजमान भैय्याजी शेतकरी माणूस, पण मेव्हण्याच्या विद्वत्तेचा त्यांना भारी अभिमान. सरांचं प्रत्येक पुस्तक, म्हणजे सरांची प्रस्तावना असलेलं दुसऱ्याचं पुस्तक, त्या घरात टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात मानानं ठेवलं जाई. ठेवण्याआधी भैय्याजी प्रस्तावना मोठ्यानं वाचून दाखवत. पुढचं कोणी वाचत नसे, कारण पुढचं काही घरच्या माणसानं लिहिलेलं नव्हतं.

फेब्रुवारीत भैय्याजींचा फोन आला. "सर, तुमच्या पुस्तकानं काम केलं, पहा."

काम कोणतं, ते सांगायला हवं. आनंदाबाईची एकुलती एक मुलगी रक्षा दिवाळीपासून माहेरी येऊन राहिली होती. सेलूला बसस्टँडसमोर तिच्या नवऱ्याचं, धीरजचं, बी-बियाण्यांचं दुकान. चारचौघांत माणूस साखरेसारखा गोड. पण बायको उलट बोलली की त्याच्या अंगाचा तिळपापड होई. एकदा रक्षानं गिऱ्हाइकासमोरच सांगून टाकलं, की या पिशवीवरची तारीख उलटून गेली आहे, हे बियाणं नेऊ नका. धीरज तेव्हा हसला. मग दुपारी त्यानं तिला वरच्या गच्चीवर कोंडलं, ऑक्टोबरच्या उन्हात, पाण्याशिवाय, दिवेलागणीपर्यंत. खाली दुकानात तो माल विकत होता. दुसऱ्या दिवशी रक्षा केळझरला आली, ती परत गेली नव्हती. आता सेलूची मंडळी रविवारी तिला न्यायला येणार होती.

"पोट्टी आयकतच नव्हती," भैय्याजी फोनवर सांगत होते. "मंग म्या तिले तुमचं वाचून दाखोलं, त्या विनकरनीचं. म्हटलं, तुह्या मामानं लिहिलं हाय, छापून आलं हाय. तिनं सोसलं, मंग मानानं नांदली. दोन दिवस गप होती. मंग म्हने, ठीक हाय बाबा, जाते."

सरांची छाती फुगली. साहित्याचा जीवनावर परिणाम होतो, हे ते आजवर वर्गात सांगत आले होते. तो असा घरच्या घरी पाहायला मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. शुक्रवारी ते केळझरला गेले. पोरीला निरोप द्यायचा होता, आणि थोडं कौतुकही ऐकायचं होतं. त्या दिवशी चतुर्थी होती. केळझरच्या गणपतीला जाणाऱ्यांनी बस खच्चून भरली होती, तरी एका मुलानं उठून सरांना जागा दिली.

घराच्या पुढच्या छपरीत भैय्याजींनी कौतुक केलं, पोटभर केलं. मग रक्षा चहा घेऊन आली. कप ठेवला, पण ती गेली नाही.

"मामाजी, एक विचारू?"

"विचार ना बेटा."

"ते विनकरनीची गोष्ट हाय ना. बाबानं मले वरच्या दोन ओळी वाचून दाखोल्या, अन् तुमची प्रस्तावना. म्या मंग खालची गोष्ट बी वाचली. ते परत नांदते, असं त्यात कुठी लिहिलं हाय? मले तं सापडलं नाई."

इथेच सरांनी 'थांब, मी पाहतो' म्हणून पुस्तक उघडलं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण समोर भैय्याजी बसले होते, कपाटात ती सारी पुस्तकं रांगेनं उभी होती, आणि सरांची जीभ कधी रिकामी राहिलेली नव्हती.

"जुन्या गोष्टीईत अर्थ आत राह्यते, बेटा," ते म्हणाले. "जे लिहिलं नसते, ते बी समजून घ्या लागते. जानकार लोकं अभ्यास करूनच वरचं सार लिहितात."

"पहा," भैय्याजी म्हणाले.

रक्षा सरांकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. पण तिच्या नजरेत फक्त विश्वास होता, लहानपणी ती गणितं घेऊन यायची तेव्हा असायचा तसा.

"असन," ती म्हणाली. "मलेच समजलं नसन." आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेली.

परतीच्या बसमध्ये सरांना खिडकी मिळाली. पिशवीत पुस्तकाची एक प्रत होती. कोणी भेटलं तर द्यायला ते नेहमी एखादी जवळ ठेवत. मनाला काहीतरी टोचत होतं म्हणून त्यांनी ती काढली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. त्यांनी मोना फिओरेचं पान उघडलं आणि पहिल्यांदा, एकदाची, ती गोष्ट वाचली.

गोष्ट लहानच होती. लोकरीच्या एका व्यापाऱ्याला मित्र चिडवतात, की तुझी बायको तुला उलट बोलते. तो पैज मारतो, हिवाळा संपेपर्यंत ती एक शब्द उलट बोलणार नाही. घरी येऊन तो तिला लोकरीच्या कोठारात झोपायला पाठवतो. तिच्या बोटातली अंगठी काढून मोलकरणीला देतो. तिच्यासमोर जेवतो आणि उरलंसुरलं कुत्र्याला टाकतो. ती बोलत नाही. ती लोकर पिंजते, सूत काढते, आणि एक लांबरुंद कापड विणत राहते. वसंत येतो. पैज जिंकली म्हणून नवरा मित्रांना मेजवानी देतो. जेवणं, गाणी, फुशारक्या, सारं रात्रभर चालतं. पहाटेकडे तो बायकोला हाक मारून म्हणतो, आण तुझं कापड, पसर यांच्यापुढे. ती कापड आणते, मेजावर पसरते, चारी कोपरे हातानं सारखे करते, मधोमध भाकरी ठेवते. मग अंगावरच्या एका वस्त्रानिशी दाराबाहेर पडते आणि वेशीपाशी येते. वेशीवरचा पहारेकरी विचारतो, बाई, कुठे? आणि मोना फिओरे साऱ्या हिवाळ्यातला पहिला शब्द बोलते. ती म्हणते, 'बाहेर.' पहारेकऱ्यानं फाटक उघडलं, कारण उजाडलं होतं.

गोष्ट इथे संपत होती.

सरांनी पान उलटलं. पलीकडे दुसरी गोष्ट सुरू झालेली. त्यांनी पुन्हा मागे येऊन शेवटचा परिच्छेद वाचला. परत येणं नव्हतं, मन जिंकणं नव्हतं, मानानं नांदणं नव्हतं. ते सारं फक्त वर होतं, ठळक अक्षरांत, त्यांच्या मराठीत. सरांच्या कानशिलांतून वाफा निघू लागल्या. शेजारच्या बाईनं विचारलं, "काका, तब्येत बरी नाई का?" त्यांनी पुस्तक मिटलं आणि बरी आहे म्हणून सांगितलं.

बस सेलूला थांबली. खिडकीतून समोरच धीरजचं दुकान दिसत होतं. तो एका गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात टाकून हसत होता. वर गच्ची होती. तिच्यावर ना पत्रा, ना झाड, ना पाण्याची टाकी; नुसतं सिमेंट आणि जिन्याचं बंद दार. सरांनी ती गच्ची आजवर पाहिलीच नव्हती, म्हणजे बसमधून शंभरदा पाहिली होती. उतरून उलट्या बसनं केळझरला जावं, असं त्यांच्या मनात आलं. पण जाऊन सांगायचं काय? की मामानं न वाचता लिहिलं? की तू विचारलंस तेव्हाही मामा खोटंच बोलला? कंडक्टरनं घंटी मारली. सर बसूनच राहिले, आणि त्या बसून राहण्यानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. प्रमिलाबाईनं काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "शीत चांगलं होतं, भात कच्चा निघाला." तिनं ताट झाकून ठेवलं.

शनिवारी सकाळी ते सुरभीकडे गेले. सर कधी कोणाकडे जात नसत, लोक त्यांच्याकडे येत. त्यामुळे दार उघडल्यावर ती गडबडली, खुर्ची पुसू लागली. सरांनी बसायच्या आधीच विचारलं, "तो मथळा कुठून आला?"

कोणता मथळा, हे तिनं विचारलं नाही. "सगळ्यात जुन्या हस्तलिखितात मथळे नाहीतच, सर," ती म्हणाली. "शंभरेक वर्षांनी कोण्या नकलनवीसानं ते लाल शाईनं वर घातले. बाकी गोष्टींवरचे ठीक आहेत. या गोष्टीवरचा चुकीचा आहे. त्यानं बहुतेक अर्धीच वाचली असेल, आणि पुढचं आपल्याच मनानं ठरवलं असेल. छपाई आली तेव्हा छापणाऱ्यानं तो तसाच घेतला. मग इंग्रज साहेबानं घेतला. मग..."

"मग म्या," सर म्हणाले.

आता कुठे ते खुर्चीवर टेकले.

"तुह्या टीपेत हेच होतं?"

"हो."

आता सरांना राग आला. लाज फार झाली की माणूस ती दुसऱ्याच्या अंगावर झटकून पाहतो, तसा. "मंग तू बोलली काऊन नाई? प्रूफ तुले दाखोलं होतं ना?"

सुरभीनं ओढणीचा पदर बोटाला गुंडाळला. "मले वाटलं, सर, तुम्ही टीप पूर्ण वाचली, विचार केला, अन् मग काढली. म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असेल. मी आठवडाभर मूळ पुस्तक घेऊन बसली. ती परत गेल्याची एखादी खूण माझ्या नजरेतून सुटली का, ते शोधत होती. सापडलं काहीच नाही. पण तुम्ही लिहिलं म्हटल्यावर..." ती खाली बघून म्हणाली, "आता मी ती गोष्ट वाचते ना सर, तर मलेही ती वेशीतून मागे वळताना दिसते. मीच केलेला अनुवाद आहे. तरी दिसते."

सरांचा राग जागच्या जागी विझला. एवढ्या वर्षांत त्यांच्या लिखाणावर टीका झाली होती, थट्टा झाली होती, त्यातलं काही त्यांना लागलं नव्हतं. हे लागलं. या मुलीनं सातशे वर्षांपलीकडून एका बाईला बोट धरून वेशीपर्यंत आणलं होतं, आणि त्यांनी न बघताच तिला परत आत ढकललं होतं. एकटीला नव्हे. दुसरी एक उद्या गाडीत बसणार होती.

"माह्यं चुकलं, पोरी," ते म्हणाले. हे वाक्य बोलायची सवय नसल्यानं ते फार हळू निघालं. ऐकू गेलं की नाही कळेना, म्हणून त्यांनी ते पुन्हा म्हटलं.

फोन करून सांगता आलं असतं. सरांनी फोन हातात घेतलाही. पण फोनवर आपण पुन्हा काहीतरी गोलमाल बोलू, अर्थ आत राह्यते वगैरे, याची त्यांना खात्री होती. आपली जीभ त्यांना आता चांगली ठाऊक झाली होती. म्हणून रविवारी पहिली बस धरून ते केळझरला उतरले.

दाराशी रक्षाची बॅग भरून ठेवलेली होती. वर स्वेटरची घडी. आनंदाबाई पुरणाचं पाहत होती, व्याह्यांसाठी. भैय्याजी धुतलेला सदरा घालून छपरीत येरझारा घालत होते. सरांना पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"वा सर, तुम्हीच पायजे होते. गाडी निघाली सेलूवरून. तुमच्या हातानं पाठवू पोट्टीले."

"भाऊजी, पुस्तक काढा," सर म्हणाले. "अन् आनंदा, तू बी ये बाहेर. रक्षाले बोलाव."

भैय्याजींना वाटलं, निघताना शुभ म्हणून वाचायचं असेल. त्यांनी काचेचं कपाट उघडून पुस्तक काढलं, सदऱ्याच्या बाहीनं पुसलं आणि दिलं. आनंदाबाई पिठाचे हात तसेच घेऊन उंबऱ्यात बसली. रक्षा भिंतीला टेकून उभी राहिली, नव्या साडीत, कपाळाला मोठं कुंकू लावून. तिनं मामाजींकडे पाहिलं नाही.

सरांनी पान उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. "लोकरीचा एक व्यापारी होता..."

"सर, वरचं सुटलं," भैय्याजी म्हणाले. त्यांना ते आता पाठ झालं होतं. "मोना फिओरे नवऱ्याचा छळ..."

"वरचं नाई वाचायचं."

"काऊन?"

"वरचं म्या लिहिलं हाय."

"म्हनूनच तं वाचा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "भाऊजी, ते म्या गोष्ट न वाचता लिहिलं हाय," ते म्हणाले. "वरचं बी अन् प्रस्तावनेतलं बी. परवा रक्षानं विचारलं, तवा बी म्या वाचलेली नव्हती. तरी मी तिले शिकवून गेलो. तिनं बरोबर विचारलं होतं. चूक माह्यी हाय, तिची नाई."

भैय्याजींनी हसून पाहिलं, ही सरांची काही थट्टा असावी म्हणून. पण सर हसले नाहीत, तेव्हा त्यांचं हसू तसंच ओठावर अडकून राहिलं. त्यांच्याकडे मान वर करून पाहण्याची सरांची छाती झाली नाही. त्यांनी पुस्तकात तोंड घातलं आणि गोष्ट पहिल्यापासून वाचली. सभा गाजवणारा त्यांचा आवाज त्या दिवशी सपाट निघाला. त्यांनी कुठे वाक्य लांबवलं नाही, कुठे थांबून अर्थ सांगितला नाही. कोठार आलं, अंगठी आली, कुत्र्याला टाकलेलं जेवण आलं. आनंदाबाईचे पिठाचे हात मांडीवर वाळत गेले. कापड पसरून बाईनं चारी कोपरे सारखे केले, तिथे ती स्वतःशीच म्हणाली, "घरची सवय, कुठी जाईन."

मग वेस आली, पहारेकरी आला. बाई, कुठे? सरांनी तो एक शब्द वाचला, फाटक उघडल्याचं वाक्य वाचलं, आणि पुस्तक मिटलं.

"एवढीच हाय?" भैय्याजींनी विचारलं.

"एवढीच."

"मंग मानानं नांदते ते?"

"ते नाई. ते कोन्यातरी न वाचनाऱ्यानं लिहिलं होतं. म्या ते खरं धरलं. तुम्ही माह्यं खरं धरलं."

भैय्याजी मटकन ओट्यावर बसले. त्यांची नजर दाराशी ठेवलेल्या बॅगेवर गेली. "सर," ते म्हणाले, आणि या हाकेत सरांना आज पहिल्यांदा मान ऐकू आला नाही, "तुमच्या भरवशावर मी पोट्टीले त्या गच्चीवर परत पाठवून राह्यलो होतो."

धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, ते सरांनी लिहिण्यात अनेकदा वापरलं होतं. छपरीतली फरशी मात्र चांगली घट्ट होती, आणि तिच्यावर सर्वांसमोर बसून राहणं भाग होतं.

रक्षा भिंतीपासून हलली. दाराशी गेली. तिनं स्वेटर उचलून खांद्यावर टाकला, बॅग उचलली आणि काही न बोलता आतल्या खोलीत नेऊन ठेवली. खाट सरकवल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर घरातली रोजची साडी होती.

"बाबा, त्याईले फोन लावा," ती म्हणाली. "येऊ नका म्हना. नाईतर मी लावते."

भैय्याजींनी एकदा बायकोकडे पाहिलं. मग फोन घेऊन अंगणात गेले, पार तुरीच्या गंजीपर्यंत. त्यांचा आवाज आधी चाचरत आला, मग चढला, आणि मग बराच वेळ चढलेलाच राहिला.

सर उठले, चपला शोधू लागले. आता इथे थांबायला आपल्याला तोंड नाही, असं त्यांना वाटत होतं. रक्षा त्यांच्या समोरूनच आत-बाहेर करत होती. ती त्यांना टाळत नव्हती आणि त्यांच्याशी बोलतही नव्हती. तिला आता मामाजींना काही विचारायचं नव्हतं, हे त्यांना कळलं. त्यांच्या वाट्याला जे यायला हवं होतं, तेवढंच आलं होतं.

"दादा," आनंदाबाई उंबऱ्यातून म्हणाली. लहानपणी तिला अक्षरं सरांनीच शिकवली होती, पण ती पुढे वाचत राहिली नव्हती. छापलेल्या पानावर ती फक्त दादाचं नाव शोधायची आणि आल्यागेल्याला दाखवायची. "दादा, बाकीच्या गोष्टी तं वाचल्या ना तू?"

सरांच्या हातात एक चप्पल होती. खोटं बोलायला आता उशीर झाला होता. "नाई," ते म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, पोरगं शाळेतून पळून आल्याचं कळल्यावर आई बघते तसं.

"मंग वाच," ती म्हणाली. "इथीच बस अन् वाच. पुरन हाय, जेवून जाजो."

सर पुन्हा छपरीत बसले. पुस्तक मांडीवर घेतलं, प्रस्तावनेची पानं एका बाजूला धरून ठेवली आणि पहिली गोष्ट उघडली. तिच्याही डोक्यावर दोन ओळी होत्या, ठळक, त्यांच्याच. त्यांनी त्या ओळींवर पंजा ठेवला आणि खालून वाचायला लागले.